यादीबाईंचा चौदाशे तेरावा दोष

मी बावीस वर्षं पेपरात संगणकाच्या बातम्या लिहितो आणि माझा स्वभाव तापट आहे, या दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. पहिलीमुळे माझ्या हातून घोळ झाला आणि दुसरीमुळे मी यादीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. मी शांत डोक्याचा असतो, तर घरीच बसलो असतो आणि या बाईंना कधी भेटलोच नसतो.

यादीबाई म्हणजे मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ. दुसरी पाळी, दुपारी दोन ते नऊ. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, उंची बेताची, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं पेन. खरं नाव वेगळं आहे, पण रुग्णालयात ते फक्त पगारपत्रकावर सापडतं. जे दिसेल ते यादीत लिहायचं, ही त्यांची खोड, म्हणून यादीबाई. हे त्यांच्या तोंडावरही म्हणतात आणि त्याही ओ देतात.

त्यांच्या रक्तपेढीत एक प्रोग्रॅम चालतो. रक्त कुणाकडून घेतलं, कुठल्या गटाचं, पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये, बाद कधी होणार, हे सगळं त्यात. हा प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा नाही. ओपन सोर्स आहे, म्हणजे ज्याचं आतलं लिखाण कुणीही उघडून वाचावं, वापरावं आणि चुकलेलं दिसलं तर सुधारावं, असा. आमच्या भागातल्या एकतीस रुग्णालयांत तोच आहे. त्यामुळे एका ठिकाणी पिशवी नसली की उरलेल्या तीस ठिकाणचे फ्रीज तिथल्या पडद्यावर दिसतात. मागेल त्याला जवळच्या फ्रीजमधून पिशवी निघते. हे चौदा वर्षं चाललं होतं आणि त्यावर आमच्या पेपरात एक ओळ आलेली नव्हती.

ओळ का येईल? नीट चाललेल्या गोष्टीची बातमी होत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. त्यातून या मंडळींकडे पत्रकार परिषद नाही, जनसंपर्क अधिकारी नाही, चकचकीत फोल्डर नाही. मग एक कंपनी स्वतःचा रक्तपेढीचा प्रोग्रॅम घेऊन आली, आणि तिच्याकडे यातलं सगळं होतं. हॉटेलचा हॉल होता, गार हवा होती, फोल्डरमध्ये छायाचित्रं आणि तयार बातमी होती. आधी आमच्या भागातली तीन मोठी रुग्णालयं हा प्रोग्रॅम घेणार, असं ठरत आलं होतं. पुढच्या गुरुवारी ते पक्कं करणाऱ्या समितीची बैठक होती.

मी म्हटलं, नुसती कंपनीची बातमी नको, तुलना करू. मला वाटलं, मी फार निःपक्षपाती वागतोय. कंपनीच्या जनसंपर्क अधिकारी बाईंना विचारलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये ज्ञात दोष किती? त्या हसून म्हणाल्या, "शून्य." मी लिहून घेतलं. मग ओपन सोर्सवाल्यांचं संकेतस्थळ उघडलं. तिथे दोषांची यादी उघड्यावर मांडलेली होती आणि तिच्या डोक्यावर आकडा होता, १४१२. तोही लिहून घेतला. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या पत्त्यावर प्रतिक्रिया मागणारी मेल टाकली आणि पाच वाजता बातमी देऊन टाकली. शेवटी आमचं ठेवणीतलं वाक्य होतंच, 'संबंधितांकडून प्रतिसाद मिळू शकला नाही.' पन्नास मिनिटांत कोण प्रतिसाद देणार, हा विचार बावीस वर्षांत मला शिवला नव्हता.

शनिवारी अर्धं पान आलं. 'मोफत रक्तपेढी प्रोग्रॅममध्ये चौदाशे दोष.' मध्ये चौकट, चौकटीत दोन रकाने. एकीकडे शून्य, दुसरीकडे १४१२. संपादक खूश. "आकडा आहे," ते म्हणाले, "आकडा असला की वाचक थांबतो." घरी बायकोने पेपर वाचून घडी घातली आणि म्हणाली, "ही तर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात झाली. दोन पावडरी, दोन बादल्या, एका बादलीतला सदरा पांढरा. तुझ्या बातमीत फक्त सदरा नाहीये." मी दुर्लक्ष केलं. तिला माझ्या बहुतेक बातम्यांत बादल्या दिसतात.

रविवारी मेल आली. वर नमस्कार नाही, खाली धमकी नाही. मी अशा बातम्यांनंतर शिव्या खाल्ल्यात, वकिलाच्या नोटिसा पाहिल्यात, एकदा एकाने शाप दिलाय. असलं पत्र मात्र कधी आलं नव्हतं. जसंच्या तसं देतो.

'दोष क्रमांक १४१३. काय दिसलं: वृत्तपत्रात आमच्या यादीतला एकूण आकडा आजचे दोष म्हणून छापला गेला. काय दिसायला हवं होतं: चौदा वर्षांत नोंदलेले दोष १४१२, त्यातले दुरुस्त १३९३, आज उघडे १९. पुन्हा घडवून कसं पाहायचं: आमचं संकेतस्थळ उघडावं, फक्त वरचा आकडा पाहावा, पान खाली सरकवू नये. संभाव्य कारण: आमचं पान बाहेरच्या माणसाला समजेल असं नाही. कुणाकडे: बातमीदार, आणि आम्ही. नोंदवणारी: तंत्रज्ञ, रक्तपेढी, दुसरी पाळी.'

'पान खाली सरकवू नये' हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी पान खाली सरकवलं नव्हतं, हे खरंच होतं. खरं असलं की जास्तच झोंबतं. त्यावर कडी म्हणजे ही नोंद त्यांच्या जाहीर यादीत चढवलेली होती. माझ्या बातमीला त्या बाईंनी क्रमांक दिला होता. एकतीस रुग्णालयांत ज्याला हवं तो वाचू शकत होता. सोमवारी दोनच्या ठोक्याला मी रक्तपेढीत भांडायला हजर झालो.

भांडण काही सुरू होईना, कारण बाई कामात होत्या. दारातच एका मशीनवर पिवळसर द्रवाच्या पिशव्या सारख्या इकडून तिकडे हलत होत्या. नंतर कळलं की त्या प्लेटलेट्स, आणि त्यांना तळाशी बसू द्यायचं नसतं. भिंतीला चार फ्रीज, प्रत्येकाच्या दारावर तापमानाचा तक्ता. टेबलावर लेबलं छापणारं छोटं यंत्र. बाई पिशवी हातात घेऊन मोठ्याने क्रमांक वाचत होत्या आणि समोरची जोडीदारीण कागदावर बघून तोच क्रमांक परत म्हणत होती. मग पिशवी तिच्या हातात, कागद बाईंच्या, आणि सगळं पुन्हा उलटं. मी खाकरलो. बाईंनी बोटाने बाक दाखवला. मी बावीस वर्षांचा वरिष्ठ वार्ताहर, शाळेतल्या पोरासारखा बाकावर बसलो.

"बोला," पिशवी गेल्यावर त्या म्हणाल्या.

"माझं नाव तुम्ही यादीत घातलंत."

"नाव नाही घातलं. 'बातमीदार' लिहिलंय. नाव हवं असेल तर घालते."

"अहो, पण दोष म्हणून नोंद? मला फोन करायचा होता. खुलासा पाठवायचा होता."

"खुलासा तुमच्याकडे जातो. मग तो तुम्ही छापायचा की नाही, ते तुम्ही ठरवणार. यादीत घातलं की सगळ्यांना दिसतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाजीवालीने भाव सांगावा तसं सांगितलं. "आणि निम्मा दोष आमचाही लिहिलाय की. तो आकडा एवढा मोठा वर लावायला नको होता. काल बदलला. आता उघडे दोष वर आहेत आणि एकूण खाली."

मी घरून दोन कडक वाक्यं पाठ करून आणली होती, ती वाया गेली. समोरचा निम्मी चूक स्वतःची म्हणतो, तेव्हा भांडायचं कुणाशी?

तेवढ्यात फोन वाजला. डोंगरापलीकडच्या लहान रुग्णालयातून होता. बाळंत झालेली बाई, रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह लागणार, त्यांच्याकडे एकही पिशवी नाही. यादीबाई फोन कानाला धरूनच पडद्याकडे वळल्या. एकतीस नावं, प्रत्येकापुढे आकडे. एक पिशवी आपल्या फ्रीजमध्ये, एक वाटेवरच्या रुग्णालयात. दोन्ही बटण दाबून अडवल्या, म्हणजे आता त्या दुसऱ्या कुणाला मिळणार नाहीत. वाटेवरच्यांना फोन केला, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला कुठल्या वळणावर दुसरी पिशवी घ्यायची ते सांगितलं. पुन्हा तेच, एकीने वाचायचं, दुसरीने म्हणायचं. पिशवी बर्फाच्या डब्यात बंद होऊन दाराबाहेर गेली तेव्हा मी घड्याळात पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती. मी बाकावरून केव्हा उठून उभा राहिलो होतो, मलाच कळलं नाही.

बाई खाली बसल्या, गळ्यातल्या पेनने काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "गुरुवारी ठरलं तर हे संपणार."

"म्हणजे?"

"आम्ही धरून तीन मोठी रुग्णालयं कंपनीच्या प्रोग्रॅमवर गेली की त्यांचे फ्रीज या पडद्यावरून जाणार. कंपनीचा प्रोग्रॅम याच्याशी बोलत नाही. आणि रक्त मुख्यतः या तीन ठिकाणीच असतं. बाकीचे अठ्ठावीस आमच्या जिवावर असतात. त्यांना तो विकत घेणं झेपायचं नाही. मग आत्ता फोन आला होता ना, ते फोन करत बसतील. एकेकाला. अंदाजाने." त्या थोड्या थांबल्या. "समितीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर तुमचं कात्रण लावलंय."

आत्तापर्यंत माझ्या चुकीने फार तर कुणाचा मान गेला असेल, कुणाची गिऱ्हाइकं गेली असतील. दोन रकान्यांच्या एका चौकटीमुळे डोंगरापलीकडच्या कुणाला रक्त मिळणार नाही, असं कधी मनातही आलं नव्हतं.

मी भांडण विसरलो आणि विचारलं, ही यादी तुमच्या अंगात आली कुठून? त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यांचे वडील बसच्या आगारात मेकॅनिक होते. तिथे प्रत्येक गाडीची एक दोषवही असायची. फेरी संपली की ड्रायव्हरने गाडीत काय खटकलं ते लिहायचं, मेकॅनिकने केलेलं काम त्याखाली लिहून सही करायची. 'ब्रेक उशिरा धरतो.' 'डावा आरसा थरथरतो.' 'तिसरा गिअर टाकताना शिवी द्यावी लागते.' बाई शाळा सुटल्यावर वडिलांसाठी डबा घेऊन जायच्या आणि या वह्या वाचत बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, बाबा, सगळ्यांत चांगली गाडी ही का, हिच्या वहीत तर काहीच लिहिलेलं नाही. वडील तेलकट हात पुसत म्हणाले, "ज्या गाडीचं पान कोरं, तिच्यात आपण बसायचं नाही. गाडी धडधाकट म्हणून पान कोरं नसतं गं. ड्रायव्हरने बघायचं सोडलं, म्हणून कोरं असतं."

मला माझ्या चौकटीतलं शून्य आठवलं. ते मी किती कौतुकाने, मोठ्या ठशात लावून घेतलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मी ती मूठ न उघडताच तिची किंमत छापून मोकळा झालो होतो.

बाई रक्तपेढीत लागल्या आणि अकरा वर्षांनी हा प्रोग्रॅम आला. दूर कुठेतरी राहणाऱ्या एका माणसाने तो लिहिलेला. ते लीप वर्ष होतं. दहा फेब्रुवारीला घेतलेल्या पिशवीवर प्रोग्रॅमने बाद होण्याची तारीख सतरा मार्च छापली. पस्तीस दिवस. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, तर सोळा मार्च. प्रोग्रॅम एकोणतीस फेब्रुवारी धरायला विसरला होता. बाद झालेलं रक्त एक दिवस जास्त चांगलं म्हणून फ्रीजमध्ये राहिलं असतं. त्यांनी मोडक्यातोडक्या शब्दांत त्या अनोळखी माणसाला लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'तुमचं बरोबर आहे. मी चुकलो. दुरुस्त केलं. यादीत तुमचं नाव लिहिलंय.'

"अकरा वर्षं नोकरी झाली होती," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, अधीक्षक, घरी सासरे, नवरा. माझ्याशी बोलताना 'मी चुकलो' असं कुणी म्हटलेलं नव्हतं. मी ते पत्र छापून कपाटाच्या दाराला आतून लावलं."

ते पत्र अजून आहे. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. कागद पिवळा पडलाय, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे दोन-तीन थर आहेत. त्या पत्रानंतर बाई प्रोग्रॅम वाचायला शिकल्या, मग लिहायला शिकल्या. शिकवणी नाही, वर्ग नाही. दुसऱ्या पाळीचं काम करायचं आणि सकाळी घरचं आवरून दोन तास बसायचं. त्या चौदाशे बारांपैकी दोनशे सहा दोष त्यांनी शोधलेत. "आणि नऊ माझे स्वतःचे आहेत," त्या म्हणाल्या, जणू नऊ भावंडं आहेत म्हणून सांगावं.

"तुमचे म्हणजे?"

"मी केलेले. माझ्या हातून बिघडलेलं."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि क्रमांक ३८८ काढला. प्रोग्रॅममध्ये सुधारणा करताना त्यांच्या हातून एक चूक राहिली होती. वीज जाऊन परत आली की पिशव्यांचा क्रमांक एकाने मागे जायचा. एके दिवशी वीज गेली, आणि दोन पिशव्यांवर एकच क्रमांक छापला गेला. एक ए गटाची, एक बी गटाची. एकीने वाचायचं आणि दुसरीने म्हणायचं, त्या पद्धतीने ते इथेच पकडलं गेलं. पिशवी टेबलावरून हललीही नव्हती.

"मग तर झालं की," मी म्हटलं. "कुणाला काही झालं नाही."

"इथे नाही झालं. पण माझी ती सुधारणा तीस ठिकाणी गेली होती." त्या पडद्याकडे बघत बोलत होत्या. "जोडीदारीण म्हणाली, आधी अधीक्षकांना विचारू, आधी बसून पाणी पी. मी म्हटलं, आधी लिहू दे. लिहिलं, दोष तीनशे अठ्ठ्याऐंशी, कुणाच्या हातून झाला, माझ्या. लेबलं छापणं ताबडतोब थांबवा. वीस मिनिटांत तीसही ठिकाणी थांबलं. दोन ठिकाणी फ्रीजमध्ये जोडक्रमांक सापडले. एक पिशवी तर वॉर्डात न्यायला काढून ठेवली होती."

मी ती नोंद वाचली. पहिल्या ओळीत त्यांचं खरं नाव होतं, सगळ्या जगाला दिसेल असं. त्याखाली कुणी अनोळखी माणसांनी दुरुस्ती कशी करायची ते सुचवलेलं, एकानेही टोमणा मारलेला नाही. नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"हे पुसता येत नाही?"

"येतं ना."

"मग?"

"पुसायचं कशाला?" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "उद्या नवीन कुणी आलं, त्यालाही हेच सुचलं, तर तो इथे वाचेल आणि थांबेल."

लोक मला विचारतात, एवढ्या वर्षांत सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट कुठली पाहिलीस. मी माणसासारखी बोलणारी यंत्रं पाहिली आहेत, मोठमोठ्या कंपन्यांचे डोळे दिपवणारे सोहळे पाहिलेत. पण आपली सगळ्यांत मोठी चूक स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने चव्हाट्यावर लिहायची आणि नऊ वर्षं तिच्याखालून रोज कामाला जायचं, हे मी फक्त त्या खोलीत पाहिलं. बाई मला थोर वाटल्या. तसं त्यांना म्हणायचं धाडस झालं नाही.

निघताना जोडीदारीण म्हणाली, फोन आला होता, डोंगरापलीकडची बाई शुद्धीवर आहे. यादीबाईंनी नुसती मान हलवली आणि फ्रीजचं तापमान टिपायला गेल्या.

मंगळवारी मी संपादकांसमोर उभा राहिलो. म्हटलं, शनिवारची बातमी चुकली, त्याच जागेवर तेवढीच दुरुस्ती लावू. ते चष्मा काढून म्हणाले, "तुला ताप आहे का?" मग आमची रीत मला ऐकवली, जणू मीच ती बावीस वर्षं नव्यांना ऐकवत आलो नव्हतो. दुरुस्ती पान सातवर जाते, हवामानाच्या खाली, तीन ओळी. चूक काय झाली ते पुन्हा सांगायचं नाही, म्हणजे ज्याने वाचली नसेल त्याला कळत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यावर आमचा अख्खा व्यवसाय उभा आहे, असं मी बोलून गेलो. आवाज जरा चढला होता. बाहेरचे कीबोर्डचे आवाज थांबले. बुधवारी तीन ओळी आल्या, पान सात, हवामानाच्या खाली. हवा कोरडी राहणार होती.

त्या तीन ओळी समितीतला कुणीही वाचणार नव्हता. मग गुरुवारी सकाळी अकराला मी स्वतःच बैठकीच्या दाराशी गेलो. समितीचे प्रमुख म्हणजे यादीबाईंच्या रुग्णालयाचे अधीक्षक, एक वयस्कर शल्यविशारद. त्यांनी विचारलं, "बातमी घ्यायला आलात?"

"परत घ्यायला आलोय," मी म्हटलं. "पाच मिनिटं द्या."

रात्रीतून काही भाषण सुचलं नव्हतं, म्हणून मी बाईंचीच रीत उचलली होती. एक कागद, त्यावर तीन मथळे. काय छापलं. काय छापायला हवं होतं. पुन्हा तपासायचं कसं. खाली, कुणाच्या हातून, आणि माझं नाव. एवढंच वाचायचं होतं. पण चार ओळींतच मी थांबून पाणी मागितलं. दुसऱ्याच्या चुका मी हजारो वेळा मोठ्याने वाचल्या असतील, स्वतःची पहिल्यांदाच वाचत होतो. मागच्या खुर्चीवर यादीबाई बसल्या होत्या. ३८८ च्या पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिणं किती जड गेलं असेल, ते मला तिथे समजलं.

वाचून झाल्यावर अधीक्षक कंपनीच्या माणसाकडे वळले. "तुमच्या दोषांची यादी बघायला मिळेल?"

"सर, आमच्याकडे अशी यादी जाहीर करण्याची पद्धत नाही."

"म्हणजे यादी आहे."

"अंतर्गत असते, सर."

"पेपरात तर शून्य होतं." अधीक्षकांनी फाइलमधलं माझं कात्रण काढून बाजूला ठेवलं. "मी चाळीस वर्षं शस्त्रक्रिया करतोय. ज्याची एकही केस बिघडली नाही असा सर्जन मला भेटलेला नाही. न सांगणारे पुष्कळ भेटले." मग त्यांनी मागे पाहिलं. "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"यादीत आहे सगळं," यादीबाई म्हणाल्या.

समितीने ठरवलं की कंपनीने आधी आपली यादी आणावी आणि तिचा प्रोग्रॅम बाकीच्या अठ्ठावीसांशी बोलेल असा करावा, तोवर आहे तेच चालू द्यावं. या गोष्टीला चार महिने झाले. यादी अजून आलेली नाही. एकतीसच्या एकतीस फ्रीज पडद्यावर दिसतात. मध्यंतरी मी मुद्दाम जाऊन पाहून आलो.

बैठकीनंतर मी घरी गेलो तो हवेतच. चहा न घेता संगणक उघडला आणि दोष क्रमांक १४१३ काढला. वाटलं होतं, 'दुरुस्त' असं लिहिलं असेल, कदाचित पुढे माझं नावही. पान खाली सरकवलं. या वेळी न चुकता सरकवलं. तिथे लिहिलं होतं, 'स्थिती: उघडा. समितीपुढे दुरुस्त झाला, बातमीदारांचे आभार. वाचकांपुढे नाही. मूळ बातमी: अर्धं पान. दुरुस्ती: तीन ओळी, पान सात.'

मी बायकोला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, एवढं केलं तरी. ती वाचून म्हणाली, "बरोबर आहे की. बाई हुशार आहेत. त्यांना आपल्याकडे घेऊन ये कधीतरी."

तेव्हापासून मी संपादकांच्या मागे लागलो होतो. या महिन्यात त्यांनी हात टेकले आणि रविवारच्या पुरवणीत जागा दिली. ती जागा म्हणजे हा मजकूर. मी मोजलाय, अर्ध्या पानाहून थोडा जास्तच भरेल. तर वाचकहो, चार महिन्यांपूर्वीच्या त्या शनिवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चौदाशे बारा ही त्या प्रोग्रॅमची लाज नव्हती. चौदाशे बारा वेळा कुणीतरी नीट बघितलं होतं, त्याचा तो आकडा होता. आणि शून्याबद्दल मला काहीही माहिती नव्हती.

छापायच्या आधी मी हा मजकूर यादीबाईंना वाचायला पाठवला. बावीस वर्षांत असं कुणाला पाठवलं नव्हतं. संध्याकाळी तीन दोष परत आले. एक, 'फ्रीज चार आहेत, तुम्ही पाच लिहिलेत.' सुधारलं. दोन, 'अकरा मिनिटांत पिशवी दाराबाहेर गेली, पोचली नव्हती, तसं स्पष्ट लिहा.' तेही सुधारलं. तिसरा असा होता, 'काय दिसलं: तंत्रज्ञ थोर असल्याचं लिहिलंय. काय दिसायला हवं: काढून टाकावं. कारण: पुन्हा घडवून दाखवता येत नाही.'

हा तिसरा दोष मी उघडा ठेवलाय.